फ्लेक्सवरचा हात

हुमाचे आजवर इतके सत्कार झाले होते, की तिच्या अम्मीनं शालींच्या घड्या घालणंच सोडून दिलं होतं. ओळखीत लग्न निघालं की एक शाल आहेरात जायची. एक इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली होती, आणि थंडी वाढली की एक शेजारच्यांच्या शेळीच्या पाठीवर पडायची. नारळांचं तर विचारूच नका. हुमाचे अब्बा नजीर मेकॅनिक, त्यांच्या घरी ओल्या खोबऱ्याची चटणी कधी संपली म्हणून नाही. ती ताटात घेताना अब्बा म्हणायचे, "लेकीच्या कर्तृत्वाला आज मीठ जरा कमी पडलंय."

हुमाची उजवी बाजू जन्मापासून आखडलेली. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी बसलेला, उजवा पाय ओढत चालायचा, काखेत कुबडी. जीभ जड, त्यामुळं शब्द तोंडात घोळून सावकाश बाहेर पडायचे. ऐकणाऱ्यांना तेवढा दम कुठला! ते तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे आणि हमखास चुकीचं करायचे. तिनं "मला पेन..." म्हटलं, की समोरचा "पेन्शन ना? तहसीलला चौकशी करा" म्हणून मोकळा.

डावा हात मात्र बहाद्दर होता. त्या एका हातावर तिनं पुण्याच्या कॉलेजातून चित्रकलेची पदवी काढली. माणसांचे चेहरे काढण्यात तर वर्गात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरांचंच चित्र तिनं असं काढलं होतं, की सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ते घरी लावायला मागून घेऊन गेले.

पदवी हातात पडली आणि भोरमध्ये सत्कारांचा हंगाम सुरू झाला. मंडळानं केला, शाळेनं केला, जिथं अब्बांचं खातंसुद्धा नव्हतं त्या पतसंस्थेनं केला. स्टेजवर बसायचं, 'जिद्द' हा शब्द ऐकत राहायचं, फोटोत हसायचं. आणि त्याच लोकांकडं नोकरीसाठी गेलं, की "बघू, कळवू." एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा होती. "तुम्हाला झेपणार नाही" म्हणून ती दुसऱ्याला दिली, आणि पुढच्याच महिन्यात त्या शाळेनं हुमाला बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं! पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीनं चित्रं बघून घाईघाईनं मुलाखतीला बोलावलं होतं. ती कुबडी टेकत आत आली आणि तिथल्या बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. डोळ्यांत पाणी आलेला माणूस नोकरी देत नाही, हे हुमाला एव्हाना पाठ झालं होतं.

तिला काम हवं होतं. सकाळी जायचं, संध्याकाळी थकून यायचं, महिन्याला पगार घ्यायचा आणि आपण काढलेलं चार लोकांनी रस्त्यात थांबून बघायचं, बस्स. त्यापलीकडं तिचं काही मागणं नव्हतं, आणि एवढंसं मागणं कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं म्हणून ती आतल्या आत नुसती धुमसत होती.

अशात मोबाईलवर कुणीतरी पुढं ढकललेला निरोप आला. वेल्ह्याच्या बाजारात गोरखचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथं डिझायनर पाहिजे. हुमानं चार चित्रं पाठवली. गोरखचं उत्तर आलं, 'लई भारी. उद्या या.' पायाबद्दल त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. फ्लेक्स काय पायानं करतात?

"पुण्याची डिग्री घेऊन त्या भावी लोकांचे फोटो चिकटवायचे?" तिची अम्मी खुर्शिदा म्हणाली.

"अम्मी, तिथं निदान कुणी रडणार तरी नाही," हुमा म्हणाली, आणि सकाळच्या एसटीनं निघाली.

नसरापूरला गाडी बदलावी लागली. कागदोपत्री तालुक्याचं नाव बदललं तरी कंडक्टर आपला "वेल्हे, वेल्हे" असाच ओरडत होता. त्यानं हुमाला हाताला धरून चढवायचा घाट घातला, तशी तिनं कुबडी मध्ये घातली आणि स्वतः चढली. वेल्ह्याला उतरली तेव्हा तोरणा कमरेपर्यंत ढगात होता आणि बाजार नुकता भरत होता.

गोरख दुकानातच होता. कुबडी दिसताच तो खुर्ची सोडून उठला. "या ताई, बसा, बसा. दाखल्याचं काम ना? तहसील थोडं पुढं हाय. झेरॉक्स पायजे आसंल तर हितंच काढून देतो."

"मी हुमा," ती म्हणाली. "डिझायनर."

गोरखनं मोबाईलमधल्या चित्रांकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा मोबाईलकडं. "आसं व्हय! मला वाटलं..." त्याला काय वाटलं ते त्यानं गिळलं. "चा घ्या की."

चहा आला. गोरख तसा वाईट माणूस नव्हता. तोंडावर नाही म्हणायची ताकद नसलेल्या माणसांपैकी तो एक होता, आणि त्यांच्याइतका ताप दुसरं कुणी देत नाही. "कसं हाय ताई, आमचं काम लई धावपळीचं. फ्लेक्स लावाय खांबावर चढाय लागतंय."

"डिझायनर चढतो?"

"तसं न्हाई, पन..." गोरखनं मान खाजवली आणि एकदम त्याला सुचलं. "आपण आसं करू या का? तुमची चित्रं खरंच लई भारी हायती. तवा आमच्या व्यापारी मंडळाकडनं तुमचा—"

"सत्कार?"

"तुमाला कसं कळलं?" गोरख चाटच पडला.

हुमानं कप खाली ठेवला, कुबडी काखेत घेतली आणि मनातल्या मनात असल्या शिव्या दिल्या, की अम्मीनं ऐकल्या असत्या तर जेवायला वाढलं नसतं. एवढ्या लांब येऊनही नारळच! ती दाराकडं वळली आणि त्याच दारातून एक दणकट माणूस बोंबलत आत आला.

"गोरख्या! जित्तेपणी मारलंस की रं भाऊंना!"

हा भिमा. सोमनाथभाऊंचा खास माणूस. आणि सोमनाथभाऊ म्हणजे परिसरातले भावी सभापती. गेली कित्येक वर्षं ते भावीच होते, आणि गोरखच्या दुकानाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होते. आज त्यांचा वाढदिवस. चौकात मांडव, केक, भाषणं असा थाट दुपारी व्हायचा होता, आणि चौकात त्यांचा भलामोठा फ्लेक्स रात्रीच लागला होता.

झालं होतं काय, की आधीचा डिझायनर पुण्याला पळाल्यापासून गोरख स्वतःच सगळा उद्योग करत होता. नवीन काही काढता येत नाही म्हणून जुन्याच फायलीतला फोटो आणि अक्षरं बदलायची, ही त्याची रीत. गेल्या आठवड्यात बाजारातले सोनबाआप्पा वारले, त्यांच्या श्रद्धांजलीची फाईल त्यानं उघडली. आप्पांच्या जागी भाऊ बसवले. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जागी 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' टाकलं. पण खालचा तेवणारा दिवा काढायला गडी विसरला. भाऊ हात जोडून हसतायत आणि त्यांच्यापुढं दिवा लावलाय!

"सगुणाबाईनं खाली दोन फुलं ठिवली," भिमा डोक्याला हात लावून सांगत होता. "भाजीची पाटी उतरवून म्हनली, बोलायला गोड हुता गं. पानशेतच्या एका ठेकेदारानं तर नीट वाचलं बी न्हाई, भाऊंचा फोटो स्टेटसला टाकून खाली रडकी तोंडं लावलीत. मला फोनवर फोन, कधी गेले, कसे गेले!"

गोरखचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरा फ्लेक्स छापायचा तर मशीन नसरापूरला, आणि नसरापूरला आज लाइट नाही. दिवा कापून काढावा तर भाऊंच्या पोटाला भोक. वर कागद चिकटवावा तर पोटाला पट्टी बांधलेला भावी सभापती. दोघं एकमेकांवर खेकसायला लागले.

"औक्षण," हुमा म्हणाली.

"औषध? ताई, चक्कर येतीया का? भिमा, पानी आण!"

हुमानं कुबडी टेबलावर अशी हाणली, की कपातला चहा हिंदकळला. "गप्प बसा दोघं! दिवा राहू दे. त्याच्याखाली तबक काढू. तबक धरलेला बाईचा हात काढू. वाढदिवसाला ओवाळतात की नाही?"

गोरख आणि भिमा एकमेकांकडं बघत राहिले, आणि मग भिमा असा पळाला, की फ्लेक्स खाली येऊन दुकानाच्या फरशीवर पसरेपर्यंत चहा निवला नव्हता. शेजारच्या हार्डवेअरमधून ऑइल पेंटच्या डब्या आणि ब्रश आले. हुमानं कुबडी बाजूला ठेवली, फरशीवर बसली आणि सरकत सरकत थेट भाऊंच्या छातीवर जाऊन बसली. भिमाला ते काही बरं दिसलं नाही, पण बोलायची वेळ नव्हती.

पितळी तबक तिनं बघता बघता काढलं. त्यात सुपारी, अंगठी, कुंकवाच्या कोयऱ्या, चार अक्षता. दिवा जणू पहिल्यापासून त्या तबकातच तेवत होता. राहिला हात. बघून काढायला समोर काही नव्हतं, आणि घाई तर अशी की भिमा डोक्यावर उभा राहून धापा टाकत होता. हुमानं डबीचं झाकण आपल्या हातात तबकासारखं धरलं, अंगठा कुठं येतो, बोटं कशी वळतात ते डोळ्यांत साठवलं, झाकण ठेवून ब्रश उचलला आणि हात काढला. गोरा, निमुळता, हिरव्या बांगड्यांचा. तिला मजा येत होती. एवढं मोठं चित्र तिनं कधी काढलं नव्हतं, आणि ते भर बाजारात लागणार होतं!

"वा ताई, वा!" गोरख टाळ्या वाजवायला लागला. भिमानं मोबाईल काढला. "बघा मित्रांनो, शरीर साथ देत नसताना सुद्धा..." असं काहीतरी तो मोबाईलला सांगत सुटला. हुमाच्या कपाळाला आठी पडली, पण तिनं दुर्लक्ष केलं.

फ्लेक्स चौकात पुन्हा चढला. लोकांनी माना डोलावल्या. सगुणाबाईनं आपली फुलं उचलून परत पाटीत ठेवली. भाऊ गाडीतून उतरले, वर बघितलं, भिमानं कानात सगळी कथा सांगितली आणि भाऊंनी रुमाल डोळ्यांना लावला. "आधी ह्या भगिनीचा सत्कार," ते म्हणाले. "मग केक."

हुमानं गोरखला कोपऱ्यात गाठलं. "नोकरीचं काय?"

"आवो ताई, भाऊ खूश झालेत! आता नोकरीचं कुठं काढताय? शाल घ्या, नारळ घ्या, चार लोकांत नाव व्हईल. नोकरीचं बघू सावकाशीनं."

तिला पळता येत असतं, तर ती तिथूनच पळाली असती. तिला स्टेजवर नेऊन खुर्चीत बसवलं. भाऊंनी शाल पांघरली, नारळ दिला आणि माईक धरला. "ह्या भगिनीचा हात चालत नाही, पण हिंमत चालते," असं म्हणून ते थांबले, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हुमा समोरच्या पंख्याकडं बघत बसली. आज संध्याकाळी पुन्हा चटणी. उद्या पुन्हा घरात. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि भाऊंना वाटलं आपलं भाषण लागू पडलं.

भाषण आटपल्यावर औक्षणाची वेळ झाली. भाऊंची बायको रत्ना तबक घेऊन स्टेजवर आली. बाई उंच, काटक, बारा महिने शेतात राबणारी. नवऱ्याच्या राजकारणाला वैतागलेली असूनही पदर नीट घेऊन उभी. तिनं भाऊंच्या कपाळाला कुंकू लावलं, तबक उचललं आणि ओवाळायच्या आधी सहज वर फ्लेक्सकडं बघितलं. तबक तिथल्या तिथं थांबलं.

"ह्यो हात कुनी काढला?"

"ह्याच ताईंनी," भाऊ अभिमानानं म्हणाले. "शून्यातून—"

"डावा हाय."

"काय?"

"हात डावा हाय. अंगठा बघा की कुठल्या अंगाला हाय. बाई डाव्या हातानं ओवाळतीया तुमाला. वाढदिवसाला!"

सगळा चौक वर बघायला लागला. खरंच की! मघाशी कौतुक करणाऱ्या एवढ्या माणसांत एकाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणी छातीला हात लावला, कुणी चक् चक् केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांच्यात कुठं ओवाळत्यात, त्यांना काय म्हाईत!"

हुमाचे कान तापले. डावा हात वाईट, हे शिकायला तिला कुणाकडं जायची गरज नव्हती. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की चुलत्या-मामांपासून सगळे डोळे वटारायचे. अम्मीनं किती वर्षं तो आखडलेला उजवा हात ताटापर्यंत ओढायचा प्रयत्न केला. शेवटी एक दिवस ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अल्लानं माझ्या पोरीला चालू हात एकच दिलाय. तो डावा का, ते ज्याला विचारायचंय त्यानं त्यालाच विचारावं." त्या दिवसापासून घरात विषय बंद झाला होता. आणि आज भर बाजारात तो हात पुन्हा सगळ्यांसमोर उघडा पडला होता.

गोरख हात जोडत पुढं आला. "वहिनी, जाऊ द्या. बिचारीनं येवढं केलं त्येच लई झालं."

"बिचारी कशापायी?" रत्ना कडाडली. "तबक बघ कसं काढलंय. पितळ हाय म्हनून हात लावून बघावा वाटतंय. सुपारीवरची रेघ सुदीक सोडली न्हाई. येवढं ज्येला येतंय त्येला हात बी नीट आला पायजे. चुकलंय ते चुकलंय." मग ती हुमाकडं वळली. "का गं? ध्यान कुठं हुतं तुजं?"

बिचारीला रागावली, आता ही रडणार, असंच सगळ्यांना वाटलं. आणि हुमाला काय झालं असेल? तिला आनंद झाला. लाज तर वाटलीच, हात चुकल्याची खरीखुरी लाज. पण तिच्या आतून असा आनंद उसळला की तो लपवावा कुठं ते तिला कळेना. कॉलेज सुटल्यापासून तिचं चित्र नीट डोळे उघडून बघणारं, त्यातली चूक काढणारं हे पहिलंच माणूस होतं. बाकीच्यांनी कुबडी बघून टाळ्या वाजवल्या होत्या. ह्या बाईनं सुपारीवरची रेघ बघितली होती!

"चुकलं," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द. रत्नानं तिचं वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघितली. "माझा हात बघून काढला. मला दुसरा चालत नाही."

"मग माजा बघ," रत्ना म्हणाली. "फ्लेक्स खाली घ्या रं!"

"अगं रत्ना, लोक खोळंबलेत," भाऊ कुजबुजले.

"तुमच्या भाषणाला खोळंबत्यात ना? मग ह्येला बी खोळंबत्याल."

फ्लेक्स उतरला आणि स्टेजवर पसरला. हुमा पुन्हा भाऊंच्या छातीवर बसली, ह्या खेपेला खऱ्या भाऊंच्या देखत. ओला रंग पुसायला टर्पेंटाइन आलं, पण फडकं कुठं दिसेना. तिनं खांद्यावरची शाल ओढली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तो गोरा डावा हात खसाखसा पुसून काढला. भिमाच्या तोंडून "आई गं!" असं बाहेर पडलं. हाताबरोबर भाऊंच्या सदऱ्याचं एक बटणही पुसलं गेलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

रत्ना तबक धरून तिच्यासमोर बसली. हुमानं तो उजवा हात बघितला आणि बघतच राहिली. नखांत भातखाचराची माती कायमची बसलेली. तर्जनीवर विळ्याचा जुना वण. अंगठ्याचं पेर जाड झालेलं. मनगटात चार साध्या बांगड्या आणि एका बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन. उजवा हात वस्तू कशी धरतो, जोर कुठं देतो, बोट कुठं सैल सोडतो, हे हुमाला आतून कधी कळलंच नव्हतं. आता ते तिला रेघेरेघेनं समजून घ्यावं लागत होतं. चौकात एवढी माणसं होती, पण तिला फक्त तो हात दिसत होता. आपल्याला आयुष्यभर हेच करायचंय, असं तिला इतकं स्पष्ट वाटलं की ब्रश क्षणभर थांबला.

"मनगट लई बारीक झालं," रत्ना म्हणाली. "म्या काय आजारी हाय व्हय?"

हुमानं मनगट पुसून जाड केलं.

"पिन कशाला काढताय, ताई?" भिमा वाकून म्हणाला. "बरं दिसत न्हाई."

"आसू दे," रत्ना म्हणाली. "पिनच्या बगर म्या कधी घराबाहेर पडले न्हाई."

केकवरचं क्रीम उन्हानं खाली घसरायला लागलं होतं. भाऊ टोपी काढून वारा घेत होते. अखेर हुमानं ब्रश ठेवला. फ्लेक्स वर चढला, आणि सगुणाबाई पाटीमागून ओरडली, "अगं बया, ही तर रत्नाच! त्यो विळ्याचा वण बघा, त्यो लागला तवा म्या हुते की तिथं!" बाजारातल्या बाया फ्लेक्सखाली गोळा झाल्या. भाऊंच्या चेहऱ्याकडं कुणी बघेना. सगळ्या त्या हाताकडं बघत होत्या. रत्नानं एकदा वर बघितलं, एकदा आपल्या हाताकडं बघितलं, पदरानं डोळे टिपले आणि मग नवऱ्याला ओवाळलं.

केक कापून व्हायच्या आत गोरखच्या दुकानासमोर बाया उभ्या. एकीच्या नवऱ्याचा वाढदिवस दिवाळीनंतर होता, एकीच्या पोराचा पुढच्या आठवड्यात. "आमच्या बी फ्लेक्सवर ओवाळनारा हात पायजे. आन् त्यो माजा पायजे, कुनाचा बी न्हाई."

बाया पांगल्यावर गोरखनं तोंड सोडलं. सकाळची ताई गेली, तुमी-आमी गेलं. "डावा हात काढतीस? भाऊ माजं शेवटचं मोठं गिऱ्हाईक, आज हातचं गेलं आसतं! अक्कल गहाण ठिवली हुतीस काय? आन् रंगाची डबी लवंडलीस ती येगळीच. ही फरशी कोन पुसनार? आधी नमुना समोर घ्यायचा, मग ब्रश लावायचा, येवढं बी कॉलेजात शिकवलं न्हाई? परत आसं केलंस तर हाकलून दीन, सांगून ठिवतो!"

हुमा दाराला टेकून उभी होती. "हाकलायचं असेल तर आधी ठेवावं लागतं," ती म्हणाली.

गोरख थांबला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "मग ठिवलंय की! ह्या येवढ्या बाया दारात आनून उभ्या केल्यास, त्यांचे हात काय म्या काढू? उद्या टायमावर ये. एसटी चुकली, गाडी भरली, आसलं काय सांगाय लागलीस तर ऐकून घेनार न्हाई."

परतीच्या गाडीला वेळ होता. हुमानं स्टँडच्या बाकावर बसून घरी फोन लावला.

"अम्मी, आज मला लई बोलणी बसली."

"कुणी? कुणी बोललं माझ्या पोरीला?" खुर्शिदाचा आवाज चढला. "नाव सांग फक्त. अब्बांना आत्ता गाडीत बसवते!"

"मालकानं."

तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"मालकानं?"

"हो. म्हणाला, परत चुकलीस तर हाकलून देईन."

खुर्शिदा रडायला लागली. रडता रडताच तिनं गॅस बारीक केला आणि विचारलं, "मग उद्या डबा किती वाजता लागेल गं तुला?"